व्याजाचा रकाना नसलेले घर : जॉर्जियातील एका शेतावरून जगभर गेलेली कल्पना

१/
सन १९६९. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील सम्टर काउंटी. एका शेताच्या कडेला सिमेंटच्या ठोकळ्यांचे एक साधे घर उभे राहत होते. किंमत सुमारे ६,००० डॉलर. ज्या कृष्णवर्णीय कुटुंबासाठी ते होते, त्याने दरमहा सुमारे २५ डॉलर भरायचे आणि ते वीस वर्षे भरत राहायचे, असा करार होता. २५ गुणिले २४० महिने म्हणजे बरोबर ६,०००. या हिशेबात व्याजाचा रकानाच नव्हता.

२/
स्वयंसेवकांनी बांधलेली घरे म्हटली की डोळ्यांसमोर येतो तो हातात हातोडा घेतलेला माजी राष्ट्राध्यक्ष किंवा विटा उचलणारा चित्रपट अभिनेता. ती छायाचित्रे खरीच आहेत. मात्र गरीब कुटुंब घराचे मालक झाले, त्यामागे हातोड्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्या कोऱ्या रकान्याचा वाटा होता. हा रकाना कोरा ठेवण्याचे धाडस कोणी, कुठे आणि कोणत्या परिस्थितीत केले, याचा हा इतिहास.

३/
आरंभ १९४२ चा. क्लॅरेन्स जॉर्डन यांनी शेतीशास्त्राची पदवी घेतली होती, आणि पुढे बायबलच्या नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत डॉक्टरेटही मिळवली होती. ब्रह्मदेशात मिशनरी म्हणून राहिलेले मार्टिन इंग्लंड त्यांना येऊन मिळाले. दोन्ही कुटुंबांनी अमेरिकस या गावाजवळ ४४० एकरांची, धूप झालेली जमीन घेतली. शेताला नाव दिले ‘कोइनोनिया’. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सहभाव, एकत्र नांदणे.

४/
नियम साधे होते. गोरा असो वा काळा, कामाचे मोल सारखे आणि जेवणाची पंगत एकच. आज यात विशेष काही वाटणार नाही. पण १९४० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत शाळा, बस, उपाहारगृह, पाणी पिण्याचा नळ, सारे वर्णानुसार वेगळे होते. एका टेबलावर बसून जेवणे हे तिथे बंड ठरत असे.

५/
या कथेत एक भारतीय विद्यार्थीही येतो. १९५० मध्ये कोइनोनियातील मंडळी फ्लोरिडात शिकणाऱ्या एका भारतीय तरुणाला जवळच्या चर्चमध्ये घेऊन गेली. त्याचा सावळा वर्ण पाहून उपस्थितांनी त्याला कृष्णवर्णीय अमेरिकन समजले. आधीपासून धुमसत असलेल्या रोषाला निमित्त मिळाले आणि चर्चने कोइनोनियाच्या लोकांचे सभासदत्व काढून घेतले.

६/
१९५६ पासून बहिष्कार तीव्र झाला. खत, बियाणे, इंधन विकायला कोणी तयार होईना. अंडी कोणी घेईना. विमा कंपन्यांनी विमे रद्द केले. रस्त्याकडेच्या विक्रीकेंद्रावर स्फोट झाले, घरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. कोइनोनियाशी व्यवहार करणाऱ्या अमेरिकसमधील एका दुकानावरही बॉम्ब टाकण्यात आला. १९५७ मध्ये भेटीस आलेल्या समाजसेविका डोरोथी डे रात्री पहारा देत असताना त्यांच्या गाडीवरही गोळीबार झाला.

७/
गावात माल विकता येईना, तेव्हा शेताने टपालाचा आधार घेतला. पेकन हा अक्रोडाच्या जातीचा सुकामेवा देशभर टपालाने जाऊ लागला. जाहिरातीतही विनोद होता. इंग्रजीत ‘नट्स’ म्हणजे सुकामेवा, आणि बोलीत ‘नट्स’ म्हणजे माथेफिरू. जॉर्जियातले ‘नट्स’ बाहेर पाठवायला मदत करा, असे आवाहन जॉर्डन ग्राहकांना करीत. शेत तगले, पण १९६० च्या दशकाअखेर तिथे मोजकीच माणसे उरली होती.

८/
याच काळात आसपासच्या कृष्णवर्णीय कुटुंबांची स्थिती काय होती? अनेक जण गोऱ्या जमीनदाराच्या शेतावर वाट्याने किंवा मजुरीने राबत आणि त्याच्याच जागेतील खोपटात राहत. नळ नाही, संडास नाही, भिंतींच्या फटींतून वारा आत. काम, कर्ज आणि छप्पर तिन्ही एकाच माणसाच्या हाती असे. काम गेले की छप्परही गेले.

९/
याचे राजकीय मोल किती होते, हे टेनेसी राज्यातील फेयेट काउंटीत १९६० मध्ये दिसले. कृष्णवर्णीय कुळांनी मतदार म्हणून नाव नोंदवताच जमीनदारांनी त्यांना घराबाहेर काढले. कितीतरी कुटुंबांनी ऐन हिवाळ्यात तंबूंत दिवस काढले. ती वस्ती ‘टेंट सिटी’ म्हणून ओळखली गेली. १९६५ मध्ये अलाबामाच्या लाउंड्स काउंटीतही असेच घडले. स्वतःचे घर नसणाऱ्याचे मतही पुरते स्वतःचे नव्हते.

१०/
मग ही कुटुंबे कर्ज काढून घर का घेत नव्हती? १९३४ मध्ये अमेरिकन सरकारने गृहकर्जांना हमी देणारी यंत्रणा उभारली. त्यामुळे लाखो गोऱ्या कुटुंबांना दीर्घ मुदतीचे, कमी व्याजाचे कर्ज मिळू लागले. पण कृष्णवर्णीयांच्या वस्त्या ‘जोखमीच्या’ ठरवल्या गेल्या. नकाशांवर त्या लाल रंगाने दाखवल्या जात; पुढे या भेदभावालाच ‘रेडलायनिंग’ म्हटले जाऊ लागले. १९६८ च्या कायद्याने गृहव्यवहारातील वर्णभेदाला बंदी केली, तोवर एक पिढी निघून गेली होती.

११/
आता दुसरे पात्र. अलाबामाचे मिलर्ड फुलर हे वकील आणि टपालविक्रीच्या धंद्यातील यशस्वी उद्योजक. तिशीच्या आतच ते लक्षाधीश झाले. पण धंद्याच्या धावपळीत संसार मोडायच्या बेतास आला. पत्नी लिंडा यांच्याशी पुन्हा सूर जुळल्यावर दोघांनी एक अवघड निर्णय घेतला : संपत्ती विकून टाकायची, पैसा दान करायचा आणि नव्याने सुरुवात करायची. १९६५ मध्ये ते कोइनोनियाला आले. घटकाभराची भेट महिनाभराच्या मुक्कामात बदलली.

१२/
१९६८ मध्ये जॉर्डन आणि फुलर यांनी काही समविचारी लोकांसह शेताची नवी दिशा ठरवली. जॉर्डन यांचे म्हणणे थोडक्यात असे : गरिबाला भीक नको, भांडवल हवे, त्याच्यावर देखरेख करणारा नको, त्याच्यासोबत राबणारा हवा. यातून ‘फंड फॉर ह्युमॅनिटी’ हा निधी जन्मला. शेताच्या एका भागात अर्ध्या अर्ध्या एकराचे ४२ भूखंड आखले गेले.

१३/
निधीची रचना समजून घेण्यासारखी आहे. देणग्या आणि बिनव्याजी उसनवारीतून निधी उभा राहील. त्यातून घर बांधले जाईल. घर फुकट दिले जाणार नाही. ते विकले जाईल, पण नफा न घेता. कुटुंब हप्त्यांनी मुद्दल फेडील. तो हप्ता पुन्हा निधीत येईल आणि पुढच्या घराच्या पायात जाईल. आज ज्याला घर मिळाले, तोच उद्या शेजाऱ्याच्या घराचा भांडवलदार होणार.

१४/
व्याज वगळल्याने किती फरक पडतो, हे एका सोप्या गणिताने कळते. ६,००० डॉलर, वीस वर्षे मुदत. व्याजाचा दर ८ टक्के धरला, तर मासिक हप्ता सुमारे ५० डॉलर होतो आणि वीस वर्षांत सुमारे १२,००० डॉलर भरावे लागतात. बिनव्याजी कर्जात हप्ता २५ आणि एकूण रक्कम ६,०००. घर तेच, भिंती त्याच; व्याज काढताच किंमत निम्मी झाली.

१५/
पहिले घर पूर्ण झालेले पाहणे जॉर्डन यांच्या नशिबी नव्हते. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी, शेतावरील लेखनाच्या छोट्या झोपडीत, वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. साध्या लाकडी खोक्यात घालून त्यांना शेतावरच पुरण्यात आले. कबरीवर नावाचा दगडही नाही. काही काळातच पहिले कुटुंब स्वतःच्या घरात राहायला गेले. स्वयंपाकघर, घरातच न्हाणी आणि संडास, थंडीत ऊब. त्या परिसरात ही चैन नव्हती, क्रांती होती.

१६/
त्याच वर्षी, शेजारच्याच ली काउंटीत, दुसरा एक प्रयोग आकार घेत होता, आणि त्याचा धागा थेट महाराष्ट्राच्या सुपुत्रापर्यंत पोहोचतो. नागरी हक्क चळवळीतील चार्ल्स शेरॉड, स्लेटर किंग आदींनी ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था स्थापन केली. सुमारे ५,७०० एकर जमीन. कल्पनेला आकार देणाऱ्यांपैकी रॉबर्ट स्वान हे विनोबा भावे यांच्या ग्रामदान चळवळीने प्रभावित झालेले होते.

१७/
कुलाबा जिल्ह्यातील गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९५१ मध्ये भूदान सुरू केले. पुढे त्यातून ग्रामदान आले. जमीन व्यक्तीने विकायची नाही, ती साऱ्या गावाची, हे ग्रामदानाचे सूत्र. न्यू कम्युनिटीजने तेच तत्त्व घेतले : जमीन विश्वस्त संस्थेकडे, घर आणि शेती कुटुंबाकडे. अमेरिकेतील ‘कम्युनिटी लँड ट्रस्ट’ या पद्धतीचा आरंभ येथूनच मानला जातो.

१८/
पण न्यू कम्युनिटीजची जमीन कर्जाने घेतलेली होती. पुढे दुष्काळ आला, तेव्हा सरकारी शेतीखात्याकडून वेळेवर आपत्कालीन कर्ज मिळाले नाही. १९८५ मध्ये जमीन हातची गेली. कितीतरी वर्षांनी, २००९ मध्ये, भेदभावाच्या खटल्यात संस्थेला सुमारे १.२ कोटी डॉलरची भरपाई मंजूर झाली. कष्टाळू माणसे होती, उत्तम कल्पना होती. पण कर्जाची दोरी दुसऱ्याच्या हाती राहिली. शेजारच्या दोन काउंटींमधील या दोन प्रयोगांतून निघणारा निष्कर्ष एकच आहे.

१९/
फुलर यांना पाहायचे होते की बिनव्याजी घरांची रीत दुसऱ्या मुलखात रुजते का. १९७३ ते १९७६ हे कुटुंब झैरमध्ये, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात, एम्बंडाका शहरात राहिले. बेल्जियन राजवटीत गोऱ्यांची आणि आफ्रिकनांची वस्ती वेगळी ठेवण्यासाठी मध्ये मोकळा पट्टा सोडलेला होता. नेमक्या त्याच पट्ट्यावर नवी घरे बांधली गेली. वेगळेपणासाठी राखलेली जमीन एकत्र राहण्यासाठी वापरली गेली.

२०/
१९७६ मध्ये परतल्यावर फुलर दांपत्याने अमेरिकसमध्ये ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था स्थापन केली. अमेरिकेतील तिची पहिली शाखा टेक्सासमधील सॅन अँटोनियोत निघाली. कुटुंब निवडण्याच्या कसोट्या तीन : घराची खरी गरज, लहानसा हप्ता नियमित भरण्याची ऐपत, आणि सोबत राबण्याची तयारी. वर्ण वा धर्म ही कसोटी नव्हती.

२१/
तिसऱ्या कसोटीला इंग्रजीत ‘घामाची भागीदारी’ अशा अर्थाचे नाव आहे. घर घेणारे कुटुंब स्वतःच्या आणि इतरांच्या घरांवर ठरावीक तास काम करते. साधारणतः काही शे तास. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला यात इर्जिक आठवेल : आज तुझ्या शेतात सारे, उद्या माझ्या शेतात सारे. फरक इतकाच की इर्जिकीत सगळे एकाच गावचे असतात. इथे बँकेचा अधिकारी, विद्यार्थी आणि होऊ घातलेली घरमालकीण एकाच भिंतीवर काम करतात.

२२/
स्वयंसेवकांच्या श्रमाने घराचा खर्च उतरतो, हे खरे. पण वीज, नळजोडणी यांसारखी कामे जाणकारांनाच करावी लागतात. जमीन आणि सामान विकतच घ्यावे लागते. त्यामुळे एकट्या श्रमदानाने घर परवडणारे होत नाही. स्वयंसेवकांचे दुसरे मोल मोठे आहे. शनिवारी भिंत रचायला आलेला माणूस सोमवारी देणगी देतो, आणि ‘आमच्या भागात गरिबांची घरे नकोत’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला उत्तरही देतो.

२३/
एक शंका नेहमी येते : स्वस्त घर मिळाले की मालक ते बाजारभावाने विकून मोकळा होणार नाही का? त्यावर हॅबिटॅटच्या अनेक शाखांनी दुसऱ्या गहाणाची युक्ती काढली. घराचे बाजारमूल्य आणि कुटुंबाने भरायची किंमत यांतील फरक कागदोपत्री दुसरे कर्ज म्हणून नोंदला जातो. त्याचा हप्ता नसतो. कुटुंब राहत गेले की ते विरत जाते. लवकर विकले, तर तो फरक संस्थेकडे परत येतो.

२४/
१९८४ पर्यंत संस्था फारशी कोणाला ठाऊक नव्हती. त्या वर्षी सम्टर काउंटीतीलच प्लेन्स या गावचे रहिवासी, माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि रोझलिन कार्टर, स्वयंसेवकांसह बसने न्यूयॉर्कला गेले. लोअर ईस्ट साइडमधील एक पडकी सहामजली इमारत १९ कुटुंबांसाठी दुरुस्त करायची होती. कार्टर उत्तम सुतार होते. दिवसभर काम आणि रात्री एका चर्चमध्ये मुक्काम. वृत्तपत्रांनी ते छायाचित्र छापले आणि संस्थेचे नाव घरोघर गेले.

२५/
कार्टर दांपत्य पुढे पस्तीसहून अधिक वर्षे हे काम करत राहिले. १४ देशांत, चार हजारांहून अधिक घरांच्या बांधकामात व दुरुस्तीत त्यांचा हात लागला. २००६ मध्ये हा उपक्रम महाराष्ट्रात आला : लोणावळ्याजवळ, सुमारे आठवडाभरात, १०० घरे. देशोदेशींचे स्वयंसेवक, त्यांत अभिनेता ब्रॅड पिट आणि क्रिकेटपटू स्टीव्ह वॉ. भारतात मात्र हॅबिटॅटचे काम त्याच्या बरेच आधी, १९८३ मध्ये, खम्मम येथून सुरू झाले होते.

२६/
आकडे वाढत गेले : २००० मध्ये संस्थेचे एक लाखावे घर, २००५ मध्ये दोन लाखावे. त्याच २००५ मध्ये संचालक मंडळाशी झालेल्या वादानंतर मंडळाने फुलर यांना दूर केले. त्यांनी नव्या संस्थेद्वारे घरबांधणी चालूच ठेवली. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि कोइनोनियाच्याच मातीत, जॉर्डन यांच्याजवळ, त्यांनाही पुरण्यात आले.

२७/
या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. हप्ता भरायला नियमित उत्पन्न लागते; ज्याच्याकडे तेही नाही, तो अत्यंत गरीब माणूस या चौकटीबाहेर राहतो. शहरात जमिनीचा भाव चढला की बिनव्याजी कर्जही अपुरे पडते. म्हणून काही ठिकाणी हॅबिटॅटच्या शाखा आता लँड ट्रस्टशी हातमिळवणी करतात. जॉर्डन यांचा बिनव्याजी निधी आणि विनोबांच्या ग्रामदानातून आलेली सामूहिक जमीन, शेजारी जन्मलेल्या या दोन कल्पना पुन्हा एकत्र येत आहेत.

२८/
या पद्धतीने जगाची घरटंचाई संपली नाही. तेवढे मोठे काम सरकारांनाही जमलेले नाही. पण एक गैरसमज तिने कायमचा खोडून काढला. गरीब कुटुंबे कर्ज बुडवतात म्हणून त्यांना कर्ज देता येत नाही, असे सांगितले जात होते. मुद्दल परतीची अट पाळता येईल इतकी सोपी केली, तर तीच कुटुंबे वीस-वीस वर्षे हप्ते भरतात आणि त्या हप्त्यांतून दुसऱ्याचे घर उभे राहते.

२९/
घरांचा इतिहास वाचताना म्हणूनच इमारतीबरोबर करारपत्रही वाचावे. कर्ज कोणी दिले, कोणत्या दराने दिले, कोणाला नाकारले, आणि हप्ता थकला तर घराबाहेर कोण काढू शकत होते? फेयेट काउंटीच्या तंबूंत राहिलेल्या कुळांना या प्रश्नांची उत्तरे पाठ होती. सम्टर काउंटीत २५ डॉलरचा हप्ता भरणाऱ्या कुटुंबाला मात्र, मत कोणाला द्यायचे हे ठरवताना, घरमालकाच्या चेहऱ्याकडे पाहण्याची गरज उरली नव्हती.